आजारपणाचा विमा आणि हजेरीपट

गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा हे वैनगंगेच्या खोऱ्यातील गाव. भाताची शेती हा ह्या टापूचा मुख्य धंदा; आणि शेतीचे काम सरले म्हणजे तेंदूच्या पानाची विडी वळणे हा येथील गावोगावच्या गरीब कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जोडधंदा. शहरातील गिरणीत काम करणारास भोंगा असतो, दरवाजा असतो, आणि त्या दरवाजाशी त्याचे नाव पटावर लिहिणारा कारकून असतो. घरी बसून विडी वळणाऱ्या बाईस ह्यांपैकी काहीच नसते. वरवर पाहता हा भेद क्षुल्लक वाटेल. परंतु भारतात आजारपणाच्या विम्याचा कायदा जेव्हा प्रथम अमलात आला, तेव्हा औषधपाणी कोणास मिळावे व कोणास मिळू नये, हे पुष्कळ अंशी ह्याच भेदावर ठरले. त्या कायद्याच्या आरंभीच्या अडचणी दिल्ली आणि कानपूर येथून पाहिल्या म्हणजे एक प्रकारच्या दिसतात. दवनीवाड्यासारख्या गावातून पाहिल्या म्हणजे त्यांचे निराळेच स्वरूप नजरेस येते.

आजारपणाच्या विम्याची कल्पना मुळात साधी आहे. गावात शंभर घरे असली, तरी एका वर्षात शंभरही घरांत मोठे दुखणे येत नाही; दहापाच घरांतच येते. मात्र ती दहापाच घरे कोणती, हे आधी कोणास सांगता येत नाही. तेव्हा सर्वांनी दर आठवड्यास थोडथोडे बाजूस टाकावे, व ज्याच्यावर प्रसंग ओढवेल त्याने त्यातून घ्यावे, हे शहाणपणाचे ठरते. आपल्याकडील भिशीशी ह्या व्यवस्थेचे थोडे साम्य आहे. भिशीत प्रत्येकाची पाळी केव्हा ना केव्हा येतेच; विम्यात ज्याची पाळी कधीच येत नाही तो सर्वांत भाग्यवान समजावयाचा. परंतु भिशी घालणाऱ्यांस एकमेकांची नावे ठाऊक असतात. लक्षावधी लोकांची भिशी चालवावयाची, तर नावे कोणी लिहावयाची, पैसे कोणी गोळा करावयाचे आणि हिशेब कोणी ठेवावयाचा, हा प्रश्न उभा राहतो.

ह्या प्रश्नास पहिले सरकारी उत्तर जर्मनीने दिले. १८८३ साली बिस्मार्कच्या कारकिर्दीत तेथे कामगारांच्या आजारपणाच्या सक्तीच्या विम्याचा कायदा झाला. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराने व एक हिस्सा मालकाने द्यावा, असे ठरले. इंग्लंडने १९११ साली लॉइड जॉर्ज ह्यांच्या पुढाकाराने तोच मार्ग धरला. तेथे पुरुष कामगाराने आठवड्यास ४ पेन्स, मालकाने ३ पेन्स व सरकारने २ पेन्स द्यावयाचे होते. प्रत्येक कामगाराचे एक कार्ड असे व मालकाने दर आठवड्यास त्यावर तिकीट चिकटवावयाचे असे. आज ह्या गोष्टी सरळ वाटतात. त्या वेळी त्यांवर मोठे वादळ उठले. सरकारच्या हाताखाली वैद्यकी करावयास डॉक्टर मंडळी राजी नव्हती, व १९१३ साल उजाडेपर्यंत त्यांचा विरोध मावळला नाही. मोलकरणींच्या कार्डांवर तिकिटे चिकटविणे हा आपला अपमान आहे, असे म्हणून लंडनमध्ये घरमालकिणींची प्रचंड सभा भरली. पगारातून चार पेन्स कापले जातात हे कामगारासही प्रथम रुचले नाही. वर्गणी आज जाते व फायदा मात्र दुखणे येईल तेव्हा दिसतो. त्यामुळे विम्याचा कायदा जन्मास येताना प्रत्येक देशात अप्रियच ठरला आहे.

हिंदुस्थानात ह्या विषयाची चर्चा पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाली. १९२७ साली जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने आजारपणाच्या विम्याविषयी ठराव केले, व त्यांवर येथील सरकारास आपले मत देणे भाग पडले. मत प्रतिकूल पडले. येथील मजूर आज गिरणीत तर उद्या गावी जातो. शिकलेले डॉक्टर थोडे आहेत. आणि मजुरीतून पैसे कापलेले मजुरांस खपणार नाहीत, अशी कारणे त्या काळी पुढे करण्यात आली. ती सर्वस्वी खोटी होती असे म्हणता येत नाही. परंतु मजूर गावी का जातो, ह्याचा विचार करावयास हवा होता. दुखणे आले म्हणजे शहरात त्यास आधार नसे, म्हणून तो गावची वाट धरी. ज्या अडचणीवर विमा हा उपाय होता, तीच अडचण विमा न आणण्याचे कारण म्हणून सांगितली जात होती. पुढे १९३१ साली मजूरविषयक शाही आयोगाने, आणि १९४० साली मुंबई प्रांताच्या कापडगिरणी मजूर चौकशी समितीने ह्या विषयाची पुन्हा शिफारस केली. पण प्रत्यक्ष कृती झाली नाही.

कृतीचा आरंभ दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत झाला. १९४२ च्या जुलैपासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांजकडे होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९४३ च्या मार्च महिन्यात, अर्थशास्त्राचे प्राध्यापक बी. पी. आडारकर ह्यांची कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याकरिता नेमणूक झाली. इंग्लंडमध्ये बेव्हरिज ह्यांचा सामाजिक सुरक्षिततेवरील अहवाल १९४२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला होता, व त्याची चर्चा सर्वत्र चालू होती. आडारकरांनी आपला अहवाल १९४४ च्या ऑगस्टमध्ये सादर केला.

आडारकरांसमोर अवघा देश होता; परंतु त्यांनी क्षेत्र जाणूनबुजून आखूड ठेवले. कापड, अभियांत्रिकी आणि खनिजे व धातू ह्या तीन उद्योगांतील बारमाही कारखान्यांपुरतीच योजना त्यांनी मांडली. असे करण्यामागे विचार होता. जेथे मजूर वर्षभर कामावर असतो, जेथे त्याचे नाव पटावर असते आणि जेथे पगार ठरल्या दिवशी ठरल्या खिडकीवर वाटला जातो, तेथेच वर्गणी कापता येते. नवे काम जेथे उभे राहण्याचा संभव अधिक, तेथे ते प्रथम उभे करावे आणि मग हळूहळू वाढवावे, ही त्यांची पद्धत होती. आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीच्या स्टॅक व रघुनाथ राव ह्या दोघा तज्ज्ञांनी १९४५ साली योजना तपासली व तिच्यात महत्त्वाचे फेरफार सुचविले. प्रसूतीचे साहाय्य आणि कामावरील अपघाताची भरपाई ही दोन्ही ह्याच विम्यात आणावी. योजना सर्वच बारमाही कारखान्यांस लावावी. आणि पैशाचा व्यवहार मध्यवर्ती मंडळाने पाहून औषधोपचाराचे काम प्रांतिक सरकारांकडे सोपवावे, असे त्यांचे म्हणणे होते.

ह्याच सुमारास दुसरा एक मार्गही देशापुढे मांडला जात होता. १९४३ च्या ऑक्टोबरात सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्यविषयक पाहणीची समिती नेमली गेली होती. भोर ह्यांचा जन्म नाशिकचा. त्यांच्या समितीने १९४६ साली जो अहवाल दिला, त्याचे मुख्य सूत्र असे की, ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये. त्याकरिता सरकारी तिजोरीतून खेड्यापाड्यांत आरोग्यकेंद्रे उघडावीत, आरंभी सुमारे ४०,००० वस्तीस एक केंद्र असावे, अशी त्यांची योजना होती. भोर ह्यांच्या मार्गात वर्गणी नव्हती, म्हणून पटही नव्हता. गावचा रहिवासी एवढीच ओळख पुरेशी होती. एका बाजूस कारखान्यातील कामगाराचा विमा व दुसऱ्या बाजूस सर्व रहिवाशांचा दवाखाना, असे हे दोन मार्ग होते. दवनीवाड्यासारख्या गावाचे हित उघडच दुसऱ्या मार्गात होते. परंतु दुसऱ्या मार्गास पैसा फार लागणार होता, आणि तो नव्या राज्याच्या तिजोरीत नव्हता.

विम्याचे विधेयक १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळापुढे आले व १९४८ च्या एप्रिलमध्ये त्याचा कायदा झाला. कर्मचारी राज्य विमा कायदा हे त्याचे नाव. यांत्रिक शक्तीवर चालणारा, २० किंवा अधिक माणसे असलेला, बारमाही कारखाना. आणि त्यातील महिना ४०० रुपयांपर्यंत वेतन मिळविणारा नोकर, एवढ्यांस तो लागू होता. आजारी पडल्यास वर्षातून ५६ दिवसांपर्यंत सुमारे निम्मी मजुरी रोख, फुकट औषधोपचार, स्त्री कामगारास प्रसूतीचा भत्ता, अपघातात अपंगत्व आल्यास निर्वाहवेतन, आणि मृत्यू झाल्यास मागे राहिलेल्यांस आधार, इतक्या गोष्टी त्यात होत्या. १९४८ च्या ६ ऑक्टोबर रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते महामंडळाचे उद्घाटन झाले. डॉ. सी. एल. कटियाल हे त्याचे पहिले महासंचालक. इतके सर्व झाल्यावरही पहिल्या कामगारास पहिले औषध मिळण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लोटला. तो का लोटला, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली अडचण मालकांची. योजना प्रथम कानपूर व दिल्ली येथे सुरू करावयाची असे ठरले, तेव्हा कानपूरच्या गिरणीमालकांनी आक्षेप घेतला. वर्गणी आम्ही भरावयाची आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी भरावयाची नाही. मग आमचे कापड महाग पडेल व बाजार त्यांच्या हाती जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप स्वार्थाचा असला तरी गैरवाजवी नव्हता. शेवटी १९५१ साली कायदा दुरुस्त करावा लागला. योजना सुरू झालेली असो वा नसो, कायद्याखालील देशभरच्या सर्व मालकांनी काही वर्गणी द्यावी, आणि जेथे ती सुरू होईल तेथील मालकांनी अधिक द्यावी, अशी तडजोड झाली. जी सुधारणा टप्प्याटप्प्याने आणावयाची, तिचा भार पहिल्या टप्प्यावरच पडू नये, हा धडा त्या दुरुस्तीने शिकविला.

दुसरी अडचण औषधाची. पैसा महामंडळाचा व दवाखाना राज्य सरकारचा, अशी वाटणी कायद्याने केली होती. कागदावर ती सोयीची होती. परंतु दवाखान्यास इमारत हवी, डॉक्टर हवा, परिचारिका हव्या, आणि ह्या साऱ्यांच्या खर्चाचा काही वाटा राज्यांनी उचलावयाचा होता. फाळणीच्या निर्वासितांचा व धान्यटंचाईचा भार डोक्यावर असलेल्या राज्यांस ह्या खर्चाची घाई नव्हती. इस्पितळांतील खाटा मुळात अपुऱ्या होत्या. क्षयरोग्यांकरिता तर अतिशयच अपुऱ्या. विम्याचे कार्ड हाती आले म्हणून इस्पितळात खाट उत्पन्न होत नाही. मुंबईसारख्या शहरात ह्यावर निराळा तोडगा काढण्यात आला. तेथे वस्त्या-वस्त्यांतून खाजगी डॉक्टर पूर्वीपासून होतेच. त्यांचीच यादी करून विमेदारांनी त्यांतून आपला डॉक्टर निवडावा, अशी पद्धत ठेवली गेली. जेथे डॉक्टर आधीपासून आहेत, तेथेच ही युक्ती चालते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

तिसरी अडचण खुद्द कामगारांच्या मनाची. पगारातून कपात दर आठवड्यास होई. कार्डावर तिकीट लागे. परंतु आरंभीच्या काळात औषधोपचार केवळ कामगाराचा होता, त्याच्या बायकोमुलांचा नव्हता. घरात मूल तापाने फणफणले असता बापाच्या खिशातील कार्डाचा उपयोग नसावा, हे समजावून सांगणे कठीण होते. कुटुंबीयांस औषधोपचार देण्याचा आरंभ १९५८ पासून क्रमाक्रमाने झाला. तोपर्यंत ह्या विम्याविषयी कामगारांत जे असमाधान होते, त्याचे मूळ बऱ्याच अंशी येथेच होते.

ह्या साऱ्या अडचणींतून मार्ग काढीत १९५२ च्या २४ फेब्रुवारी रोजी पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांनी कानपूर येथे योजनेचे उद्घाटन केले. त्याच दिवशी दिल्लीतही ती सुरू झाली. दोन्ही शहरे मिळून सुमारे १,२०,००० कामगार तिच्याखाली आले. पुढे पंजाबातील काही शहरे झाली. १९५४ च्या जुलैत नागपूर आणि ऑक्टोबरात मुंबई. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या व इतर गिरण्यांच्या कामगारांस आता आजारपणात निम्म्या मजुरीचा हक्क मिळाला. भारतातील सामाजिक सुरक्षिततेच्या इतिहासात ही सामान्य गोष्ट नव्हे.

त्याच राज्यात, नागपूरपासून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर पूर्वेस, गोंदिया होते. त्या वेळी ते भंडारा जिल्ह्यात मोडे. तेथे कामगार नव्हते असे नाही. विडीच्या धंद्यात ह्या भागातील हजारो हात गुंतलेले होते. परंतु कायद्याची एकेक अट घेऊन पाहू लागले, म्हणजे विडी वळणारी व्यक्ती प्रत्येक अटीपाशी अडते. यांत्रिक शक्ती म्हणावी, तर विडीस कात्री, सूप आणि दहा बोटे ह्यांपलीकडे कोणतेही यंत्र लागत नाही. बारमाही कारखाना म्हणावा, तर भाताच्या हंगामात हेच हात चिखलात असतात. आणि मालक कोण, ह्या प्रश्नास तर सरळ उत्तरच नाही.

हा शेवटचा मुद्दा समजण्यास धंद्याची रीत पाहिली पाहिजे. व्यापारी स्वतः मजूर ठेवीत नसे. तो तेंदूपान व तंबाखू सट्टेदारास देई. सट्टेदार तो माल गावात वाटी, अगर काही माणसे आपल्याकडे बसवून विड्या वळवून घेई. तयार झालेल्या विड्या व्यापाऱ्याच्या वखारीत पोहोचविल्या म्हणजे तेथे त्यांची निवड होई. ज्या पसंत नसतील त्या बाजूस काढल्या जात, व त्यास छाट म्हणत. मजुरी हजारी, म्हणजे पसंत पडलेल्या दर हजार विड्यांमागे. अशा रीतीने वळणारी बाई व्यापाऱ्यास ओळखत नसे आणि व्यापारी तिला ओळखत नसे. मध्ये सट्टेदार, आणि सट्टेदाराच्या वहीत असे ते कुटुंबातील कर्त्या पुरुषाचे नाव. विड्या सासू, सून व मुली मिळून वळीत. वहीत त्यांचे नाव नसे.

ह्या रीतीस पुढे न्यायालयाचाही शिक्का मिळाला. सागर येथील एका विडी कारखान्याच्या प्रकरणात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार होत. ते व त्यांनी लावलेले मजूर हे कारखाने कायद्याच्या अर्थाने त्या कारखान्याचे कामगार नव्हेत. कायद्याच्या शब्दांप्रमाणे निर्णय सुसंगत असेल. परंतु त्याचा परिणाम असा की, वर्षानुवर्षे एकाच व्यापाऱ्याच्या छापाची विडी वळणारे माणूस कोणाचेच कामगार ठरत नव्हते. नागपूरच्या गिरणीतील कामगाराचा खोकला हा विम्याचा विषय होता. तंबाखूची धूळ हुंगून गोंदियाकडील विडीवालीस लागलेला खोकला हा तिचा खाजगी प्रश्न होता.

हे वैगुण्य कायदेकारांच्या ध्यानात आले नाही असे नाही. १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांकरिता स्वतंत्र कायदा केला. मालकाने अगर कंत्राटदाराने दिलेला माल घरी नेऊन विडी वळणाराही कामगारच होय, अशी त्याची व्याख्या होती. मालकांनी त्यास आव्हान दिले, व १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. त्यानंतर १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचे दोन कायदे झाले. त्यांतील कल्पना चतुर होती. मजुरीतून वर्गणी कापावयाची तर पट पाहिजे. पट नाही, म्हणून वर्गणी मजुरीवर न बसविता विडीच्या मालावरच उपकर बसविला. विडी कोणी वळली हे ठाऊक नसले तरी किती वळल्या हे ठाऊक असते. त्या उत्पन्नातून विडी कामगारांसाठी दवाखाने व इतर सोयी उभारावयाच्या होत्या.

पैसे गोळा करण्याचा प्रश्न अशा रीतीने पटावाचून सुटला. परंतु पैसे वाटण्याच्या वेळी पट पुन्हा आडवा आला. दवाखान्यात जाणारी बाई खरोखर विडी कामगार आहे, हे कशावरून समजावयाचे? त्यास ओळखपत्र हवे, आणि ओळखपत्रावर मालकाची सही हवी. सही केली म्हणजे ही आमची कामगार आहे असे मान्य केले; मग भविष्यनिर्वाह निधी आला, रजा आली, किमान मजुरी आली. सहीस टाळाटाळ होई ह्यात नवल नाही. जे नाते लपविण्याकरिताच सट्टेदार मध्ये उभा केला होता, ते नाते एका ओळखपत्राने उघडे पडत होते. पुढे २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हा उपकरही रद्द झाला.

आजारपणाच्या विम्याचे दुसरे पर्व एकविसाव्या शतकात सुरू झाले. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. दारिद्र्यरेषेखालील पाच माणसांच्या कुटुंबास वर्षास ३०,००० रुपयांपर्यंतचा इस्पितळाचा खर्च, आणि कुटुंबाने नोंदणीचे केवळ ३० रुपये द्यावयाचे. विडी कामगारांचाही तीत समावेश झाला. महाराष्ट्राने २०१२ च्या २ जुलै रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. गडचिरोली त्या आठांत होता, गोंदिया नव्हता. १९५२ साली कानपूर आधी व इतर मागाहून, तसेच येथेही झाले. शेजारचा जिल्हा आत आणि आपण बाहेर, अशा स्थितीत गोंदियास सोळा महिन्यांहून अधिक काळ थांबावे लागले. २०१३ च्या २१ नोव्हेंबरपासून योजना साऱ्या राज्यास लागू झाली. कुटुंबास वर्षास दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार होते, व विम्याचा हप्ता, दर कुटुंबामागे ३३३ रुपये, सरकारच भरीत होते. २०१७ साली ह्या योजनेस महात्मा जोतिबा फुले ह्यांचे नाव दिले गेले. २०१८ च्या सप्टेंबरात पंतप्रधान जन आरोग्य योजना आली, व तिची मर्यादा पाच लाख रुपये होती.

ह्या नव्या योजनांत मालकाची वर्गणी नाही आणि गिरणीचा दरवाजाही नाही. तेव्हा पटाचा प्रश्न संपला असावा, असे कोणासही वाटेल. तसे झाले नाही. पट तेवढा बदलला. महाराष्ट्राच्या योजनेत पट होता पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेचा. केंद्राच्या योजनेत आरंभी पट होता २०११ सालच्या सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय गणनेचा. त्या गणनेच्या दिवशी जे कुटुंब कामासाठी परमुलखात गेले होते, ज्या घरात पुढे नवी सून आली, ज्याचे नाव एका कागदावर एक व दुसऱ्यावर दुसरेच लागले, त्याची इस्पितळाच्या खिडकीवर अडवणूक होई. सट्टेदाराच्या वहीत ज्या बाईचे नाव नव्हते, तिला आता शिधापत्रिकेत आपले नाव बिनचूक आहे की नाही, हे पाहावे लागले. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने राज्यातील सर्वच कुटुंबांस पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय घेतला, त्याचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर समजते. पटावर कोण नाही हे शोधीत बसण्यापेक्षा सर्वांसच पटावर घेणे, हा भोर ह्यांच्या विचाराकडे उशिरा टाकलेला एक पाय आहे.

तथापि जुना व नवा विमा शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. १९४८ च्या कायद्याचे क्षेत्र लहान होते. परंतु त्याच्या आत आलेल्या माणसास तो तीन गोष्टी देत होता. साध्या तापाचे औषध, मोठ्या दुखण्यात इस्पितळ, आणि घरी पडून राहावे लागल्यास निम्मी मजुरी. नव्या योजनांचे क्षेत्र कितीतरी मोठे झाले. परंतु ह्या तिन्हींपैकी मधली एकच गोष्ट त्यांनी उचलली. त्यांची रचना मुख्यतः इस्पितळात दाखल झालेल्या रोग्याकरिता, ठरलेल्या यादीतील शस्त्रक्रिया व उपचार ह्यांकरिता केलेली आहे. विडी वळणाऱ्या बाईची दुखणी बहुधा त्या यादीपर्यंत पोहोचणारी नसतात. दिवसभर मान खाली घालून बसल्याने पाठ धरते, डोळे शिणतात, छातीत खोकला मुरतो. ही दुखणी तिला इस्पितळात नेत नाहीत, पण तिची हजारी पाचशेवर आणतात. त्या घटलेल्या पाचशे विड्यांची भरपाई कोणतीही नवी योजना करीत नाही.

आणि अंतराचा प्रश्न आहेच. विम्याचे कार्ड दवनीवाड्यात मिळू शकेल. त्यावर चालणारे इस्पितळ गोंदियास, आणि मोठी शस्त्रक्रिया असल्यास पुष्कळदा नागपुरास. गोंदियास २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे हे अंतर काही अंशी कमी झाले, हे नमूद केले पाहिजे. परंतु रोग्याबरोबर जाणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, गाडीभाडे आणि परगावी राहण्याचा खर्च, ह्यांमुळे फुकट उपचारही गरिबास फुकट पडत नाहीत. १९५२ साली कानपूरच्या कामगारास कार्ड होते व खाट नव्हती. खेड्यातील रोग्यास कार्ड आहे व खाट दूर आहे. दोहोंत वर्षांचे अंतर पुष्कळ आहे, पण अडचण सख्ख्या बहिणीसारखी आहे.

ह्या इतिहासावरून आडारकर चुकले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. साऱ्या देशाकरिता एकदम योजना आखली असती, तर ती बहुधा अहवालातच राहिली असती. त्यांनी आखूड क्षेत्र धरले म्हणून निदान लाखो गिरणीकामगारांच्या घरी दुखण्यात चूल पेटती राहिली. चूक झाली ती पुढे. आरंभाकरिता आखलेली मर्यादा हीच कायमची मर्यादा होऊन बसली. यांत्रिक शक्ती, बारमाही काम, २० माणसे, ह्या अटी पहिल्या दिवशी सोयीच्या होत्या. त्या सोयीच्या अटी न्यायाच्या अटी म्हणून वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या बाहेर राहिलेल्यांस आपण कामगार आहोत एवढे सिद्ध करण्यातच दोन पिढ्या घालवाव्या लागल्या.

म्हणून यापुढे आजारपणाच्या विम्याची कोणतीही नवी योजना निघाली, तर तिचा आकडा किती लाखांचा आहे हे पाहण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. नाव कोणत्या पटावर पाहिले जाणार, आणि ते चुकले असल्यास गावातल्या गावात दुरुस्त होईल काय? साधा खोकला व पाठदुखी ह्यांचे औषध चालत जाण्याच्या अंतरावर मिळेल काय? आणि दुखण्याचे दिवस बिनमजुरीचे जातात, त्यांचे काय? कानपूरच्या गिरणीकामगारास ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे, अपुरी का होईनात, १९५२ सालीच मिळाली होती. दवनीवाड्याकडील विडी वळणाऱ्या बाईस ज्या दिवशी ती मिळतील, त्या दिवशी १९४८ साली आरंभिलेले काम पुरे झाले असे म्हणता येईल.